रात्रपाळीच्या सिस्टर, हे तुमच्यासाठी

सिस्टर,

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जो भेटेल तो एकच सांगत होता, "काही होत नाही, घाबरू नका." मेव्हणा, डेपोतले साहेब, खालचा चहावालासुद्धा. तुम्ही मात्र रात्री कॉटजवळ स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "काका, काय काय होणार ते सांगते. म्हणजे होईल तेव्हा ओळखीचं वाटेल." हे पत्र त्या वीस मिनिटांसाठी.

मी एसटीचा ड्रायव्हर. स्टँडवरच्या मुतारीची अवस्था बघून दिवसभर पाणीच टाळायचं, ही आमची जुनी खोड. मुतखडा झाला. कुळथाचं कढण प्यालो, पानफुटीची पानं चावली, कळ थांबली. खडा पडला समजून चार वर्षं निर्धास्त राहिलो. तो पडला नव्हता, नळीत अडकून बसला होता, आणि मागे तुंबलेल्या लघवीने डावी किडनी फुगत फुगत संपली. किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या डीटीपीए स्कॅनमध्ये तिचं काम ७ टक्के निघालं. ती दुर्बिणीतून काढायची ठरली.

संमतीच्या फॉर्मवर "गरज पडल्यास पोट उघडून" हे वाचलं आणि पेन थांबलं. आमच्या चुलत्यांच्या बरगडीखालून पाठीपर्यंत गेलेला वण मी लहानपणापासून बघितलाय. तुम्ही म्हणालात, रक्तस्राव झाला किंवा जुन्या सुजेने किडनी आजूबाजूला चिकटलेली निघाली, तर दुर्बीण बाजूला ठेवावीच लागते. डॉक्टर हरले असं त्यात काही नसतं. सही केली.

मग माझा अडाणी प्रश्न: एवढी मोठी किडनी बोटभर भोकातून येणार कशी? तुम्ही हसला नाहीत. आतलं पाणी ओढून घेतलं की ती फुगा सुटल्यासारखी होते, पिशवीत भरतात, एक भोक थोडं वाढवतात आणि बाहेर. (पुढे राउंडला डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून किडनी पहिल्यांदा काढली ती १९९० साली अमेरिकेत, सेंट लुईसला, डॉ. क्लेमन यांनी. पिशवीतच तिचे तुकडे केले होते म्हणे. ऐकून माझा चहा तसाच राहिला.)

पण खरी गोष्ट खांद्याची. ऑपरेशननंतरच्या रात्री डावा खांदा असा ठणकायला लागला, की शेजारच्या पेशंटची बायको म्हणाली, हार्टचं असेल, बोलवा कुणाला तरी. आदल्या रात्री तुम्ही सांगितलं नसतं, तर मी तिथेच निम्मा मेलो असतो. दुर्बीण फिरवायला जागा हवी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यातला थोडा मागे राहतो, छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखतं मात्र खांद्यात. तरी बेल दाबली. तुम्ही आलात, नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं बघितलंत आणि मग म्हणालात, "गॅसच आहे, काका." सांगून ठेवलं होतं म्हणून न तपासता गेला नाहीत, हे मी विसरणार नाही.

बाकीचंही तुम्ही सांगितलं तसंच झालं. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी निघाली. तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढताना पहिल्या दिवशी एकच चेंडू हलला. खोकला आला की पोटाशी गुंडाळलेला टॉवेल दाबायचा. आणि "काका, गॅस पास झाला का?" हा प्रश्न भरल्या वॉर्डात, सुनेसमोर! दोन दिवस मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मीच आनंदाने ओरडून सांगितलं. चालायला मात्र तुम्ही दुसऱ्याच सकाळी लावलंत. तेव्हा मनात तुम्हाला शिव्या घातल्या. माफ करा.

चौथ्या दिवशी घरी आलो. सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही. थकवा एवढा टिकेल असं वाटलं नव्हतं, दुपारी बसल्या बसल्या झोप लागायची. एकच किडनी उरलीय, म्हणून अंगदुखीची गोळी आता मेडिकलवाल्याला विचारून घेत नाही, डॉक्टरांनाच विचारतो. क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायची रक्ततपासणी), बीपी ठीक आहे. तपासणीला पाठवलेल्या किडनीच्या रिपोर्टातही वाईट काही निघालं नाही.

अडीच महिन्यांनी स्टिअरिंगवर बसलो. पाण्याची दोन लिटरची बाटली सीटशेजारी असते आणि प्रत्येक स्टँडवर मी उतरतो. कंडक्टर घड्याळ दाखवतो. दाखवू दे.

तुमचा,
कॉट नंबर नऊ