आबा, बिजली वरातीला गेली तरी मैना आता चरते

ती. आबांना साष्टांग नमस्कार,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. लग्नसराईत जोडीतली एक घोडी वरातीला जाते आणि दुसरी पागेत एकटी उरते, अशी घरं आपल्या खानदेशात कमी नाहीत. तुम्ही शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

बिजली पिकअपमध्ये चढली की मैनेचे हाल तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या, छाती फुटेल असं खिंकाळणं, मानेवर घामाचा फेस, पातळ लीद. पुढ्यातल्या कडब्याला तोंड लावायची नाही. लोक म्हणत, अगाडी-पिछाडीचे दोर घालून बांधा, दमली की गप्प होईल. विकून टाका म्हणणारेही होते. तुम्ही तिच्या जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजलीत. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, हिची त्याच्या कितीतरी वर. "हट्ट नाही हा, भ्यालीय ती," म्हणालात. भ्यालेलं जनावर बांधलं तर दोरात पाय अडकवून स्वतःला मोडून घेतं, हेही बजावलंत. आणि आधी डॉक्टरांकडून पोट-दात तपासून घ्यायला लावलंत.

मग सुरू झाली तुमची शिकवणी. वरात नसेल त्या दिवशी बिजलीला म्होरकी धरून नुसतं दाराबाहेर न्यायचं आणि मैना कडबा चघळत असतानाच परत आणायचं. मैनेने चघळणं थांबवून कान टवकारले की त्या दिवशी तेवढंच अंतर. मग बांधापर्यंत, मग वळणापलीकडे, नजरेआड. ती खिंकाळायच्या आधी परतायचं, यावर तुम्ही फार कडक होतात. मधूनच पिकअपचं इंजिन उगाच सुरू करून बंद करायला लावायचात, म्हणजे त्या आवाजाचा अर्थ 'बिजली चालली' एवढाच राहू नये. कधी उलट, मैनेला फिरायला न्यायचं आणि बिजलीला घरी ठेवायचं. पोरं कंटाळली, तुम्ही नाही कंटाळलात.

निघण्याआधी चंदी, म्हणजे दाणा, नको, कडबा आणि गवत तीन-चार ठिकाणी विखरून ठेवा, हा तुमचा सल्ला आम्ही आजही पाळतो. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं. चघळणं थांबलं की लाळ आटते आणि रिकाम्या पोटात जखमा होतात. शूळ उठला तर त्याला ओकताही येत नाही. चरत राहणं हेच तिचं औषध.

शेळीही तुमच्याच सांगण्यावरून आली, आणि तीसुद्धा बिजली घरी असताना, तिघींची ओळख व्हावी म्हणून. घोडं उभ्या उभ्या डुलकी काढतं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि जवळ राखण करणारं कुणी असल्याशिवाय ते सहसा आडवं होत नाही. बिजली नसलेल्या रात्री मैना अंगच टाकत नसे. आता शेळी शेजारी बसली की टाकते. शेळीने घोड्याची जागा भरत नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये घोड्याला दुसरं घोडं दिसलं, ऐकू आलं, त्याचा वास आला पाहिजे, असा नियमच आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुमचीच आठवण झाली.

आयुष्यभर घोड्यांची निगा राखत मोतद्दारी केलेल्या माणसाने भर उन्हात आमच्या पागेत यावं आणि एक पैसाही घेऊ नये, याची फेड आमच्याकडून होणार नाही. तुमच्यामुळे मैना आमच्याकडेच राहिली.

यंदा दत्तजयंतीला बिजली सारंगखेड्याच्या यात्रेला जाणार आहे. मुक्काम मोठा आहे, म्हणून मी मैनेपाशी घरीच थांबणार. तुम्ही तापीकाठी येणारच असाल, तर बिजलीच्या दावणीकडे एक चक्कर टाका. परक्या गर्दीत पहिल्या रात्री ती चारा खाते का, तेवढं पाहा आणि मला फोन करा.

तुमची,
मैनेची धनीण