जनगणनेतली नावेही जपावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७ च्या जनगणनेच्या निमित्ताने सध्या सगळीकडे आकड्यांची चर्चा चालू आहे. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना मात्र जनगणनेतून आकडे नव्हे, नावे हवी असतात. त्या नावांचे आपल्याकडे काय झाले आणि जी थोडी उरली आहेत त्यांचे काय व्हावे, याकडे वाचकांचे आणि सातारा-सांगलीच्या महसूल प्रशासनाचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात खापरपणजोबा गाव सोडून कृष्णाकाठी आले, असे घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. निवृत्तीनंतर या आठवणीचा माग काढायचे ठरवले, तेव्हा पहिल्यांदा जनगणनाच डोळ्यांसमोर आली. १८७२ ची पहिली गणना त्या दुष्काळाच्या आधीची आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी देशभर एकाच वेळी झालेली गणना त्याच्या नंतरची. १८८१ च्या पत्रकात वय, जात, मातृभाषा आणि व्यवसाय यांच्याबरोबर जन्मस्थानही विचारलेले होते. त्यामुळे आमच्या घराची एक ओळ मिळाली असती, तरी सगळा उलगडा झाला असता. पण ती ओळ आज कुठेच नाही. घरोघरच्या माहितीची वर्गवारी करून तक्ते बांधायचे आणि काम संपले की मूळ कागद निकालात काढायचे, अशी ती पद्धत होती. ज्या इंग्रजांनी ही गणना येथे आणली, त्यांच्या स्वतःच्या देशात १९२१ सालची घरोघरची पत्रके शंभर वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. अमेरिकेत हीच मुदत ७२ वर्षांची आहे.

राहिले ते तक्ते. त्यांतून माणूस सापडत नाही, पण माणूस ज्या काळातून गेला तो काळ सापडतो. १९०१ मध्ये सातारा जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटलेली दिसते, आणि प्लेगच्या भीतीने गाव सोडून माळावर झोपड्या घातल्याच्या घरातल्या आठवणींना त्या आकड्याचा आधार मिळतो. या तक्त्यांचे छापील खंड जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मात्र आपले गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होते, हे आधी ठरवावे लागते. तासगाव, वाळवा, शिराळा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात, तर सांगली, मिरज आणि जत ही स्वतंत्र संस्थाने होती. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यामुळे १९५१ च्या खंडात ‘सांगली जिल्हा’ शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कोयनेच्या शिवसागरात बुडालेल्या गावांच्या वारसांना तर आपल्या गावाचे नाव आणि घरांची संख्या छापील स्वरूपात दाखवणारी, अशा खंडांसारखी साधने फार थोडी आहेत.

नावानिशी माहिती देणारा, जनगणनेतूनच निघालेला एक दस्तऐवज मात्र आहे. १९५१ च्या गणनेच्या वेळी तीच माहिती उतरवून गावोगाव नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यात आले होते. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात जे महसुली अभिलेख तपासायचे ठरले, त्यांत हे रजिस्टर होते आणि जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना नंबर १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो तेही होते. मला माझ्या पणजीची मृत्यूची नोंद नमुना १४ मध्येच सापडली. ती साप चावून गेली असे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. नोंदीत साल १९१८ आणि कारण ‘ताप’ असे मोडीत लिहिलेले आहे. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने या भागात घरेच्या घरे ओस पडली होती, हे ठाऊक असल्यामुळे तो एक शब्द वाचताना माझा हात थरथरला. त्या पानाची कड हाताळताना चुरा होऊन गळून पडत होती आणि शेजारच्या गठ्ठ्याला कसर लागलेली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

म्हणून विनंती अशी, की दोन्ही जिल्ह्यांच्या तहसील अभिलेख कक्षांतील १९५१ ची रजिस्टरे आणि नमुना १४ ची पुस्तके एका जातीच्या नोंदींपुरती न चाळता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करावीत आणि त्यांची गाववार सूची लावावी. मोडी वाचणारे लोक अजून आपल्यात आहेत, त्यांची मदत आजच घ्यावी. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीकरांच्या घरातली किती कागदपत्रे लगदा होऊन गेली, हे आपण पाहिले आहे. सरकारी कपाटांनाही पाणी वेगळे ओळखत नाही. पूर्वी आपल्याकडे हेळवी नंदीबैल घेऊन दारात येत आणि सात पिढ्यांची नावे म्हणून दाखवत. आमच्या गावात त्यांचे येणे बंद झाल्याला बराच काळ लोटला.

दुसरी विनंती केंद्र सरकारला आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार जनगणनेचे व्यक्तिगत अभिलेख कोणालाही पाहता येत नाहीत आणि ते पुरावा म्हणूनही चालत नाहीत. हयात माणसांच्या बाबतीत ही गोपनीयता अगदी योग्य आहे, कारण तिच्या भरवशावरच लोक खरी उत्तरे देतात. पण तिला मुदतच नाही. यंदाची माहिती डिजिटल स्वरूपात गोळा होणार असल्याने जागेअभावी ती नष्ट करण्याचे कारण उरत नाही. ती मोहरबंद ठेवून शंभर वर्षांनी राष्ट्रीय अभिलेखागारातून खुली करण्याची दुरुस्ती कायद्यात व्हावी, आणि ती १ मार्च २०२७ पूर्वी व्हावी, अशी विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांना करीत आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, ता. पलूस, जि. सांगली