दुसऱ्या रांगेतल्या बाया: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते ज्यांच्याविषयी आहे त्यांना आधी वाचता यावं.

पुण्यात खडकी, देहूरोडकडे तुमच्या खात्याचे कारखाने, डेपो, वर्कशॉप आहेत. सकाळी गेटवर दोन रांगा लागतात. एक कायम कामगारांची, दुसरी ठेकेदाराच्या माणसांची. झाडलोट, कँटीन, पॅकिंग करणाऱ्या बाया दुसऱ्या रांगेत. अशाच एका आस्थापनेच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे बायांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर, मी काही वर्षं बाहेरची सदस्य होते.

एकदा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कार्यक्रम झाला. सभागृह, स्लाइड, भाषणं, गुच्छ. सगळं कायम कर्मचाऱ्यांसाठी. संपल्यावर चहाचे कप गोळा करणारी बाई हळूच म्हणाली, "मॅडम, हे आमच्यासाठी पण असतं का?"

असतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे कोण हे स्पष्ट लिहिलंय: ठेकेदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्या त्यात येतात. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं समितीला बंधनकारक आहे. खुद्द ठेकेदारच त्रास देत असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. यातलं एक अक्षर तिला कुणी सांगितलं नव्हतं. फलक होता, पण इंग्रजीत आणि प्रशासकीय इमारतीत. तिथं ती फरशी पुसायला जायची.

तिला मुकादमाचा त्रास होता. मी म्हटलं, तक्रार कर. ती म्हणाली, "आणि पास?"

साहेब, खरी गोम इथं आहे. कायम कामगाराला नोकरीवरून काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, सगळे सोपस्कार करावे लागतात. कंत्राटी बाईचा गेटपास मात्र ठेकेदाराच्या एका शब्दावर थांबतो. 'सुरक्षेच्या कारणास्तव' म्हटलं की पुढं कोण विचारणार? चौकशी चालू असताना बाईची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. पण ठेक्यावरच्या बाईची बदली करणार कुठं? आणि त्या रजेचा पगार कुणाच्या बिलात? आस्थापना म्हणते ती ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो गेट तुमचं. मग मुदती: घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची (सबळ कारण असेल तर आणखी तीन), आणि चौकशीला ९० दिवस. त्यात टेंडर बदललं तर बाईच बाहेर.

म्हणून नुसते कार्यक्रम वाढवा असं मी म्हणणार नाही. गुच्छांची संख्या पुरेशी आहे. टेंडरमध्येच लिहा की, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठेकेदाराकडे स्वतःची अंतर्गत समिती नसेल तर निविदा उघडणारच नाही. समिती न नेमल्यास ५० हजारांपर्यंत दंड कायद्यात आहेच, पण ठेकेदाराला दंडापेक्षा ठेका जाण्याची भीती जास्त. पास देण्याच्या दिवशी, कामाच्या वेळेत, पगार न कापता, माहिती बायांच्या भाषेत द्या. मुकादम आणि सुपरवायझरला वेगळं बसवा. त्यांनाच जास्त गरज आहे. आणि तक्रार प्रलंबित असेपर्यंत त्या बाईचा पास समितीला विचारल्याशिवाय कुणीही थांबवणार नाही, ठेकेदार बदलला तरी, असा आदेश काढा. याला नवा कायदा लागत नाही. तुमच्या खात्याचं एक परिपत्रक पुरेल.

त्या बाईनं तक्रार दिली नाही. पुढच्या ठेक्यात कपबश्या गोळा करायला दुसरीच कुणी होती.

परिपत्रक निघालं तर कृपया मराठीतही काढा. दुसऱ्या रांगेजवळ, पास तपासतात त्या खिडकीशेजारी, लावायला जागा आहे. मी बघून ठेवली आहे.

आपली,
अंतर्गत समितीची एक माजी सदस्य, पुणे