बाबा, त्याची शिफ्ट संपली होती

नागपूर
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलणार होते. पण फोनवर बाबा अर्ध्यात फोन आईकडे देतात आणि आई अर्ध्यात गॅस बघायला जाते. म्हणून लिहिते आहे. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून हातात दे.

छोटूची कालची आइस हॉकीची मॅच पूर्ण पाहिली. तिकडे कॅनडात, कॅलगरीला शनिवारी संध्याकाळचे सात, इकडे रविवारी सकाळचे साडेसात. रविवारी आमच्याकडे तर्री पोहे ठरलेले, पण उपास होता म्हणून साबुदाण्याची उसळ घेतली आणि मोबाइल तांब्याला टेकवून बसले. त्या रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, कॅमेरा एकाच जागी खिळवलेला आहे, खेळ एका कोपऱ्यात आणि तो भलतीकडे बघत असतो. तुम्ही दोघं कुठेच दिसला नाहीत. पण बाबा, तुमचा आवाज आला! दुसऱ्या पिरियडमध्ये, "अबे मार ना बे!" एवढ्या इंग्रजी कल्लोळात अजनीचा आवाज लपतो होय? माझ्या हातातली वाटी सांडता सांडता राहिली.

आणि रात्री दादाचा फोन. मॅच संपल्यावर तुम्ही ड्रेसिंग रूमच्या दाराशी जाऊन उभे राहिलात म्हणे, कोचला विचारायला, की शेवटच्या मिनिटाला माझ्या नातवाला बाहेर काऊन बसवलं. दादानं कसंबसं गाडीत बसवलं. तेव्हापासून तुम्ही कोणाशी धड बोलत नाही, आणि एक मार्चचं तिकीट आहे, जाऊ आपल्या घरी, एवढंच चाललंय.

बाबा, छोटूला कोणी बाहेर बसवलं नव्हतं. त्याची शिफ्ट संपली होती.

तिकडे शब्दच हा आहे, शिफ्ट. बर्फावर एका वेळी सहा जण: एक गोलकीपर, दोन डिफेन्सवाले, तीन फॉरवर्ड. गोलकीपर सोडला तर बाकीचे पाचही जण जीव तोडून पळतात, आणि तसं फार वेळ कोणालाच पळता येत नाही. पाऊण मिनिटात मांड्या भरून येतात. म्हणून चाळीस-पंचेचाळीस सेकंद झाले की कठडा ओलांडून बेंचवर बसायचं आणि दुसऱ्यानं उतरायचं. खेळ थांबतही नाही. बर्फावरचा नीट परत यायच्या आधीच बेंचवरचा उतरून खेळात घुसला तर माणूस जास्त झाला म्हणून दोन मिनिटांची शिक्षा होते, ती वेगळीच. मला हे लगेच उमगलं ते खो-खोमुळे. आमचेही तीन-तीनच पळायचे. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, आणि बाकीचे बाहेर बसून ओरडायचे. बाहेर बसलो म्हणून कोणाला अपमान वाटला नाही.

आणि तुम्ही तर आयुष्यभर लोको शेडमध्ये शिफ्ट केलीत. रिलीव्हर आला की डबा उचलून घरी. साहेबानं हाकललं असं कधी कोणी म्हटलं का?

शेवटच्या मिनिटाचं सांगते. आपण 3-2 नं पुढे. समोरच्यांनी गोलकीपर काढून सहावा खेळाडू उतरवला. गोल मोकळा सोडून जुगार. छोटूची तिकडी नुकतीच दमून बेंचवर आली होती. मग 19 सेकंद राहिले असताना त्यांचा गोल झाला, 3-3. तुम्ही तेव्हा बहुतेक कोचकडे बघत होतात. मी बेंचकडे बघत होते, कारण नशिबानं कॅमेरा नेमका तिथे होता. बर्फावर खेळणाऱ्या आपल्या पोरांसाठी छोटू कठड्यावर स्टिक आपटत होता, गोल झाला तेव्हाही थांबला नाही. आणि भोंगा झाल्यावर सगळ्यात आधी आपल्या गोलकीपरपाशी गेला, त्याच्या पॅडवर स्टिकनं दोनदा टकटक केलं. मग दोन्ही टीम रांगेत येऊन हात मिळवून गेल्या. बाबा, ते पोरगं नाराज नव्हतं हो. नाराज फक्त आजोबा होते.

कोचशी बोलायचंच असेल तर दादाला विचारा. तिकडे बहुतेक टीममध्ये पालकांना चोवीस तासांचा नियम असतो: मॅच झाल्यावर एक दिवस जाऊ द्यायचा, मगच तक्रार. मला तर हा नियम आपल्या सोसायटीच्या मीटिंगलाही लावावासा वाटतो.

एक गोष्ट कधी बोलले नाही. आठवीत आमची शाळांची फायनल होती, तेव्हा तुमची नाइट होती. आई आली होती. तुम्ही येणार नाही म्हणून मी सकाळी रुसून डबाही नेला नव्हता. दुसऱ्या डावात पळताना कुंपणाबाहेर सायकल दिसली आणि तिच्याशेजारी तेलकट कपड्यांतले तुम्ही, डोळे लाल. आत आला नाहीत, ओरडला नाहीत, मॅच संपायच्या आत निघूनही गेलात. घरी आले तर झोपलेले होतात. आता रिटायर होऊन एका नातवासाठी थंडीत दोन-दोन तास बसता, गळा फाडता, त्याचं मला किती बरं वाटतं हे तुम्हाला कसं सांगू. फक्त कोचला सोडा.

आई, आता तुझे प्रश्न. पडला तर? पडणारच, बर्फ आहे. पण तो तेरा वर्षांखालच्या गटात आहे, आणि त्या वयापर्यंत अंगानं मुद्दाम धडक मारायला, ज्याला ते बॉडीचेकिंग म्हणतात, बंदी आहे. कॅनडानं 2013 पासून या गटालाही ती लागू केली. शिवाय तोंडावर जाळी आहे, गळ्याला पट्टा आहे. ती काळी चकती, पक, तिची तुला जास्त भीती. तीन इंच रुंद, एक इंच जाड, कडक रबराची, वजन साधारण आपल्या क्रिकेटच्या बॉलएवढं. मॅचआधी ती फ्रीजरमध्ये ठेवतात म्हणजे बर्फावर टप्पे न घेता सरळ घसरते. तू दादाच्या फ्रीजरमध्ये शोधू नकोस, रिंकवर असते.

आणि रिंकवर फिरणारी ती गाडी. तिला झांबोनी म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनींनी 1949 मध्ये बनवली म्हणून. स्केटच्या पात्यांनी ओरखडलेला वरचा थर ती खरवडून घेते आणि मागून पाणी पसरत जाते. तुला वाटलं थंड पाणी, पण ते चांगलं गरम असतं. गरम पाण्यानं वरचा बर्फ किंचित वितळतो, नवा थर खालच्याला एकजीव चिकटतो आणि गुळगुळीत गोठतो. तू म्हणालीस ना, गाडीनं सारवण घालतात. अगदी तेच. आजी भेगा भरायला सारवणात पाणी जरा सैल ठेवायची, आठवतं?

हा गोऱ्यांचा खेळ म्हणून बाबांनी नाक मुरडू नये. 2025 मध्ये आपल्या मुलींची आइस हॉकीची टीम यूएईतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक घेऊन आली, आणि त्यातल्या बऱ्याच लडाखच्या. घराजवळच्या गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या पोरी.

बरं, त्या बरोबरीचं. तुम्ही म्हणालात जिंकलेली मॅच घालवली. घालवली नाही हो. जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक. त्या एका गुणानं आपली टीम सहावी राहिली, हरले असते तर सातवे. जामठ्याची 2025 ची रणजी फायनल आठवा. पहिल्या डावात केरळचे 342, आपले 379, मॅच ड्रॉ, आणि 37 धावांच्या आघाडीवर कप विदर्भाचा. त्या दिवशी तुम्ही पेढे वाटले होते. तेव्हा ड्रॉ चालला आणि आता बरोबरी चालत नाही, असं कसं?

ऑक्टोबरपासून नुसते गुण जमवणं चाललं होतं, खरी मजा आत्ता सुरू होते. प्लेऑफ. दादा म्हणतो त्यांच्या गटात हरला तो बाहेर. पहिली मॅच येत्या शनिवारी, दुसरी 28 ला, आणि तिसरी गाठली तर मार्चमध्ये. तुमचं तिकीट एक तारखेचं. म्हणजे पोरगं पुढे गेलं तर तुम्ही नेमके विमानात.

तिकीट पुढे ढकला. पैशाचं दादा आणि मी बघतो. घराची काळजी करू नका: टाकी धुतली, वीजबिल भरलं, कढीपत्त्याला एक दिवसाआड पाणी घालते. मामाकडून मृग बहाराची संत्री दोन खेपांत आली, पहिली जरा आंबट होती, दुसरी छान. तुमच्या वाटणीची मी खाते आहे, लपवत नाही. होळीला पुरणपोळी तिकडेच करा. आई, सांबारवडीसाठी तिकडे सांबार मिळतो का विचारत होतीस, तर मिळतो, पण दुकानात सांबार मागशील तर भलतंच काहीतरी देतील, कोथिंबिरीला ते सिलँट्रो म्हणतात, तेच माग. आणि इथे येऊन करायचं काय, एप्रिल लागला की कूलरची खटखट आहेच. पहिल्याच मॅचला हरले तर एक तारखेचं तिकीट असू द्या, मी स्टेशनवर काय, विमानतळावर उभी असेन.

एक लक्षात ठेवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे मग मला साडेसातऐवजी साडेसहाला उठावं लागेल. चालेल.

शनिवारी जरा लवकर जा आणि बेंचच्या बरोबर मागे, वरून दुसऱ्या ओळीत बसा. कॅमेरा तिथेच अडकतो. आई, ती जांभळी शाल घे, म्हणजे मला शोधावं लागणार नाही.

तुमची
धाकटी