पार्सलचे लेबल ग्राहकानेच का छापावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देवरुखजवळच्या आमच्या गावातून मी आमसुले, कुळथाचे पीठ आणि फणसपोळी मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना पाठवते. मागणी फोनवर येते, पैसे यूपीआयने जमा होतात, कुरिअरची नोंदणीसुद्धा मोबाइलवरच होते. आणि इतके सगळे कागदाशिवाय पार पडल्यावर शेवटी सूचना उमटते, की लेबल छापून खोक्यावर चिकटवा. माझ्याकडे प्रिंटर नाही. आठवड्याला चार-पाच पार्सले पाठवणाऱ्या घराला तो परवडत नाही, आणि हौसेने घेतलाच तरी क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रिंटरची शाई वाळून जाते. म्हणून लेबलाची फाइल व्हॉट्सॲपवर झेरॉक्सच्या दुकानात पाठवायची आणि वीज असेल, दुकान उघडे असेल, त्या दिवशी पार्सल रवाना करायचे, असा क्रम चालू आहे.

छपाईच्या खर्चाची माझी तक्रार नाही. लेबलावर ग्राहकाचे नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक असतो. ग्राहकाने विश्वासाने मला दिलेली ही माहिती दुकानाच्या संगणकावर महिनोन्‌महिने पडून राहते. यात झेरॉक्सवाल्याचा काही दोष नाही. रोज येणाऱ्या शेकडो फायली पुसत बसायला त्याला वेळ कुठला? पण वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये होऊनही ती अशी वाटेवर सांडावी लागते, हे मनाला पटत नाही. त्यात कोकणातला पाऊस. गेल्या जुलैत एका पार्सलावरच्या लेबलाची शाई पाण्याने पसरली, बारकोड यंत्राला वाचता येईना, आणि नऊ दिवसांनी खोके माझ्याच दारी परत आले. आतली फणसपोळी अर्थातच टाकून द्यावी लागली.

यावरचा उपाय नवा नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या ‘लेबल ब्रोकर’ सेवेत पाठवणाऱ्याने मोबाइलवरचा क्यूआर कोड टपाल कार्यालयात दाखवला, की लेबल तिथेच छापून मिळते. जर्मनीत तर पत्रासाठी ॲपवर पैसे भरून मिळालेला कोड पाकिटावर पेनाने लिहिला, तरी तो तिकीट म्हणून चालतो. आपल्याकडेही ऑनलाइन खरेदी केलेली वस्तू परत करताना अनेकदा नेणारा मुलगा स्वतःच कोड स्कॅन करतो आणि ग्राहकाला काहीही छापावे लागत नाही. जी सोय वस्तू परत करणाऱ्याला मिळते, ती पाठवणाऱ्याला का मिळू नये?

यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागेल, असेही नाही. एसटीचा कंडक्टर चालत्या गाडीत, गळ्यातल्या यंत्रातून तिकीट छापून देतो. ती छपाई उष्णतेने होते, तिला शाई लागत नाही, त्यामुळे पावसात ती पसरण्याचाही प्रश्न नाही. तशाच जातीचे, पण रुंद कागदाचे यंत्र कुरिअरच्या काउंटरवर ठेवणे अवघड नसावे. टपाल खात्याने तर 2025 मध्ये आपली संगणक प्रणालीच बदलली आणि त्याच वर्षी रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केले. या बदलांच्या ओघात घरून नोंदवलेल्या पार्सलाचे लेबल काउंटरवर छापून देण्याची सोय प्रत्येक कार्यालयात, अगदी खेड्यातल्या शाखा कार्यालयातही, हक्काने मिळावी.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांच्या फोनची काच तडकलेली आहे, त्यांना नुसता क्रमांक सांगूनही लेबल मिळायला हवे. स्पीड पोस्टाच्या क्रमांकाची रचना यासाठी मुळातच सोयीची आहे: आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. या नऊ अंकांतला शेवटचा अंक आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे लिहिताना किंवा सांगताना एखादा अंक चुकला, तर बहुतेक वेळा यंत्राच्या ते लगेच लक्षात येते. म्हणजे खोक्यावर पेनाने ठसठशीत लिहिलेला क्रमांकही लेबल छापून होईपर्यंत पुरेसा ठरू शकतो.

टपाल खाते आणि कुरिअर कंपन्या यांना दोनच विनंत्या आहेत. मोबाइलवरच्या कोडात फक्त नोंदणी क्रमांक असावा, नाव-पत्ता त्यांच्या संगणकातच राहावा. आणि कोडाची मुदत निदान आठवडाभराची असावी. पावसाळ्यात आमच्या गावातून तालुक्याला जाणारी गाडी रोज येतेच असे नाही.

आपली नम्र,
एक वाचक, देवरुख (जि. रत्नागिरी)