स्वस्त चहा आणि तेरा वसाहती

पुणे

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अमेरिकेतील तेरा वसाहती करांच्या ओझ्याखाली पिचून गेल्या आणि म्हणून त्यांनी इंग्लंडविरुद्ध बंड पुकारले, असे तू लिहिले आहेस. शाळेत आपण दोघेही हेच शिकलो होतो. मला मात्र ते आता पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर कळवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पिचून जावे असे ते ओझे नव्हतेच. इंग्लंडमधला सामान्य माणूस त्या काळी जेवढा कर भरत होता, त्याच्या मानाने वसाहतींतल्या माणसाच्या वाट्याला येणारा कर अगदीच किरकोळ होता.

सुरुवात झाली ती फ्रान्सविरुद्धच्या सात वर्षांच्या युद्धातून. 1763 मध्ये इंग्लंडने ते जिंकले, पण तोवर राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते आणि अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक कायम ठेवायचे ठरले होते. ज्यांच्या रक्षणासाठी हा खर्च, त्यांनी त्यातला काही वाटा उचलावा, असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलचे म्हणणे होते. ते वरवर पाहता गैर वाटत नाही. 1764 मध्ये त्याने मळीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली, म्हणजे चक्क निम्मी केली. तरीही व्यापारी खवळले, कारण जुनी सहा पेन्सची जकात कोणी भरतच नव्हते आणि ही नवी जकात मात्र कसोशीने वसूल होणार होती. शिवाय चोरट्या व्यापाराचे खटले जिथे पंच बसत नाहीत अशा आरमारी न्यायालयांत चालवण्याची तरतूद त्या कायद्यात होती.

1765 चा मुद्रांक कायदा त्याहून महागात पडला. न्यायालयीन दस्त, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगे, पदवीपत्रे, इतकेच काय पण पत्त्यांचे जोड आणि फासेसुद्धा त्यात आले. पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग, वर्तमानपत्रातील प्रत्येक जाहिरातीवर दोन शिलिंग, असे दर ठरले, आणि ही रक्कम ब्रिटिश चलनातच भरायची होती, ज्याची वसाहतींत कायम चणचण असे. मला यात ग्रेनव्हिलची सर्वांत मोठी चूक ही दिसते की, समाजात ज्यांच्या हाती लेखणी, छापखाना आणि वक्तृत्व होते, नेमक्या त्याच लोकांना, म्हणजे वकिलांना, मुद्रकांना आणि व्यापाऱ्यांना, त्याने एकाच वेळी दुखावले. कायदा 1 नोव्हेंबरला लागू व्हायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी फिलाडेल्फियाच्या ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’ने आपले पहिले पान थडग्याच्या दगडासारखे काळ्या चौकटीत छापले आणि मुद्रांकाच्या जागी कवटी व हाडे काढली. बॉस्टनमध्ये मुद्रांक वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा ऑगस्टमध्येच झाडाला टांगला गेला होता. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले, आणि एरवी सीमांवरून एकमेकांशी भांडणाऱ्या या वसाहती एका सुरात सांगू लागल्या की, ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, त्याला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, लंडनमध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा मुखत्यार असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनची पार्लमेंटमध्ये साक्ष झाली. 1763 पूर्वी वसाहतींचे इंग्लंडविषयी मत कसे होते, या प्रश्नाला त्याने ‘जगात सर्वांत चांगले’ असे उत्तर दिले; आणि पूर्वी ज्या लोकांना इंग्लंडचे कपडे मिरवण्यात अभिमान वाटे, त्यांना आता नवे स्वतः विणून होईपर्यंत जुनेच कपडे घालण्यात अभिमान वाटतो, असे ठणकावून सांगितले. मार्च 1766 मध्ये कायदा रद्द झाला. गोष्ट तिथेच मिटायला हरकत नव्हती, पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक कायदा करून टाकला, की वसाहतींवर कोणत्याही बाबतीत बंधनकारक कायदे करण्याचा आपला अधिकार अबाधित आहे. पैसा सोडला पण हक्क सोडला नाही, आणि भांडण तर हक्काचेच होते.

1767 मध्ये इंग्लंडचा अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड याने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. या टप्प्याकडे तू विशेष लक्ष द्यावेस असे मला वाटते. तोवर बहुतेक वसाहतींत गव्हर्नरचा पगार तिथली विधानसभा मंजूर करत असे, त्यामुळे लंडनहून आलेल्या गव्हर्नरलाही स्थानिक लोकांचे मन राखावे लागे. टाउनशेंडच्या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार परस्पर देण्याची सोय होती. विधानसभेच्या हातातली ही एकमेव दोरी सुटली, की पुढे तिला विचारतो कोण? लोकांनी इंग्लंडच्या मालावर बहिष्कार घातला. घरोघरी चरखे फिरू लागले आणि स्त्रियांनी सूत कातण्याच्या बैठका भरवल्या. मार्च 1770 मध्ये बॉस्टनच्या रस्त्यावर ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. पुढे लवकरच चहावरची तीन पेन्सची जकात तेवढी ठेवून बाकीच्या जकाती मागे घेण्यात आल्या. चहावरची ठेवली ती मुख्यतः तत्त्वासाठी.

आता चहाकडे येतो, कारण तुझ्या मताला खरे उत्तर तिथे आहे. ईस्ट इंडिया कंपनी, जी तेव्हा बंगालचा महसूल खात होती आणि 1770 च्या भीषण दुष्काळानंतरही वसुली थांबवत नव्हती, ती दिवाळखोरीच्या काठावर आली होती आणि तिच्या गोदामांत चीनचा चहा पडून होता. तिला तारण्यासाठी 1773 मध्ये पार्लमेंटने तिला थेट अमेरिकेत चहा विकण्याची मुभा दिली आणि इंग्लंडमधली जकात माफ केली. परिणामी अमेरिकेत चहा पूर्वीपेक्षा स्वस्त होणार होता. माधव, विचार कर, करामुळे पिचलेली माणसे स्वस्त चहा समुद्रात फेकतील का? चोरट्या व्यापाऱ्यांचे पोट त्यात मारले जात होते हे खरेच आहे, आणि ते झाकून ठेवू नये. पण सामान्य माणसाला भीती वेगळीच होती. तीन पेन्स भरून तो चहा प्यायला, की पार्लमेंटचा हक्क आपण मान्य केला असा त्याचा अर्थ होणार होता. बॉस्टनमध्ये तर चहा विकण्याचा मक्ता ज्यांना मिळाला, त्यांत गव्हर्नर हचिन्सनची मुलेच होती. जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरायची होती, आणि गव्हर्नर जहाज परत जाऊ देईना. मुदत संपायच्या आदल्या रात्री, 16 डिसेंबर 1773 रोजी, तीन जहाजांवरच्या 342 पेट्या फोडून सारा चहा खाडीत रिता केला गेला. चहाखेरीज दुसऱ्या मालाची नासधूस त्या लोकांनी केली नाही.

माझ्या मते क्रांती अटळ झाली ती यानंतर. लंडनने 1774 मध्ये बॉस्टनचे बंदर बंद केले आणि बॉस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून तिथल्या स्वराज्याचे पंख छाटले. एका गावाला शिक्षा झाली आणि तेराही वसाहतींना आपले भविष्य दिसले. इतर वसाहतींतून बॉस्टनला धान्य आणि गुरे आली, सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, भरली आणि 19 एप्रिल 1775 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी झाडली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह करून आपल्याकडे पहिल्या इंग्रज–मराठा युद्धाला तोंड फोडले होते.

अमेरिकेतले हेच लोक स्वातंत्र्याची भाषा बोलत असताना त्यांच्यापैकी अनेकांच्या शेतांवर गुलाम राबत होते, याचा मला मनापासून राग येतो, आणि त्यावर वेगळे पत्र लिहायलाच हवे. आज एवढेच सांगतो की, 4 जुलै 1776 च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे, आणि तीत करांचा उल्लेख ‘आमच्या संमतीविना’ एवढ्याच शब्दांनिशी एका ओळीत उरकला आहे. तो जाहीरनामा तू एकदा सबंध वाच, आणि तरीही तुझे मत कायम राहिले तर मला नक्की कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर