मी बसायचंच ना?

प्रिय पार्टनर,

मे महिन्यापासून माझं पत्र नाही, दोनदा तुझा फोनही उचलला नाही. रागावली असशील, तुझा हक्कच आहे. पाठ आता बरी आहे, गोळ्या बंद झाल्या. आज लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

सोमवारी पीटीच्या तासाला तिसरीतली एक मुलगी आपणहून कट्ट्यावर जाऊन बसली. विचारलं, "बरं नाही का गं?" म्हणाली, "बरं आहे बाई. पण मी बसायचंच ना?" तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता गं त्यात!

तिला उठवून खेळात घेतलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. लंगडीत अर्ध्या मिनिटात बाद. मग चेंडूफेक. २८ मुलं, एक रांग, एक चेंडू. तिची पाळी एकदाच आली. ४० मिनिटांत ती तीन मिनिटंही हलली नसेल. ज्याला जमत नाही तो आधी बाद होतो आणि सगळ्यात जास्त बसतो. म्हणजे ज्याला सरावाची गरज, त्यालाच सराव नाही. आणि हे खेळ इतकी वर्षं मीच लावतेय.

तेव्हा शिक्षक-प्रशिक्षणातला तुझा तो खो-खोचा सराव पाठ आठवला. तू जवळजवळ बोललीच नाहीस. खडूने चौकोन आखलेस, एकाआड एक उलट तोंडाने मुलं बसवलीस आणि आधी नुसतं चालत चालत पाठीमागून खो द्यायला लावलास. "हा काय पाठ झाला?" असं मी सगळ्यांसमोर म्हटलं आणि चार दिवस आपण एका खोलीत राहून अबोला धरला. (डबा मात्र माझाच खात होतीस!) तुझंच बरोबर होतं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर खेळासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, द्यावा, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. आमच्या पहिली ते चौथीला मीच गणिताची, मीच खेळाची. म्हणून मी नाही शिकवलं तर कुणीच शिकवणार नाही.

बुधवारी सातसातचे चार गट केले, जुन्या मोज्यांत चिंध्या भरून चेंडू शिवले. लंगडीऐवजी विषामृत घेतलं, त्यात विष मिळालेल्याला अमृत मिळतं आणि तो पुन्हा पळतो. लंगडीत ती पोर टाच आपटत होती, म्हणून तोल जायचा. मी नुसतं "नीट घाल" म्हणायचे. नीट म्हणजे काय, ते कधी सांगितलंच नव्हतं. "चवड्यावर पड, गुडघा थोडा वाकव" म्हटलं, करून दाखवलं, तर ओळीने सहा उड्या घेतल्या तिने. माझ्याकडे बघितलं, पार्टनर. मला रडूच आलं.

पण चेंडू फेकताना निम्मी मुलं ज्या हाताने फेकतात तोच पाय पुढे टाकतात. दाखवलं की जमतं, दुसऱ्या फेकीला पुन्हा तेच. इथे मी अडलेय.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचे गुडघे? लेकाला दहावीच्या शुभेच्छा दे, सविस्तर पुढच्या पत्रात.

दिवाळीआधी एका शनिवारी ये. सकाळची शाळा असते. एक तास तू घे, मी कट्ट्यावर बसून बघते.

तुझीच,
पार्टनर